खजुराच्या बागेत बांधलेली झोळी

झोळी रिकामी होती.

मी आत हात घालून बघितलं. डोळ्यांना दिसत होतं की आत काही नाही, तरी हात घातला, तळाशी चाचपलं, साडी उलटीपालटी केली, जशी काय दोन वर्षांची पोर साडीच्या घडीत हरवते. साडी अजून कोमट होती. म्हणजे आत्ताच होती, आत्ता आत्ता इथेच होती. हातातली धुतलेली भांडी कुठे पडली मला माहीत नाही. मी तनू म्हणून ओरडले आणि तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

चारी बाजूंना खजुराची झाडं, एकासारखं एक. बाजूलाच फलज (डोंगरातून आणलेला पाण्याचा पाट) वाहत होता. गुडघ्याएवढंच पाणी, पण दोन वर्षांच्या पोरीला गुडघ्याएवढं पुरतं. मी आधी पाण्यात बघितलं. पाणी इतकं नितळ की तळचा खडा न् खडा दिसत होता, आणि तनू नव्हती. म्हणून जरा जीव आला, आणि लगेच गेलाही, कारण पाण्यात नाही तर मग कुठे?

थांबा, असं मधूनच सांगून तुम्हाला नाही कळायचं. सकाळपासून सांगते.

आपल्या वाडीच्या गणपतीच्या अंकासाठी लिही, असं अंक काढणाऱ्या काकूंनी फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाल्या, ओमानचं लिही, किल्ल्याचं लिही, बाजाराचं लिही, वाळवंटाचं लिही. वाळवंट मी अजून बघितलेलंच नाही. किल्ला बघितला, तो येईल मध्ये. पण मी हे लिहितेय, कारण वाडीत ही गोष्ट माझ्या आधी पोचलीय, आणि ती उलटी पोचलीय. माझं शिक्षण नववीपर्यंत, तेही अर्धवट. शुद्धलेखन चुकेल, ते काकूंनी बघावं. बाकी काही बदलू नये.

आम्ही मस्कतजवळ बौशरला राहतो. आमचे हे एसीच्या कामावर आहेत. सावंत साहेब त्यांचे इंजिनियर, मालवणकडचे. मला आणि तनूला इकडे आणताना साहेबांनी कंपनीत शब्द टाकला होता, म्हणून साहेब चला म्हणाले की आमचे हे नाही म्हणत नाहीत. साहेब म्हणाले, शुक्रवारी निझवाला जाऊ, गाडीत जागा आहे. मला खरं तर जायचं नव्हतं. मी भित्री आहे, हे सगळ्या वाडीला माहीत आहे. इथे मला लिफ्टची भीती वाटते, पोलिसांच्या गाडीची वाटते, आणि सगळ्यात जास्त वाटते ती सावंत वहिनींशी बोलायची. त्या इंडियन शाळेत इंग्लिश शिकवतात. माझं बोलणं ऐकून त्या कधी हसल्या नाहीत, पण मी बोलायला लागले की थोड्या थांबतात. त्या थांबण्याचीच भीती.

पहाटे निघालो. मस्कत सुटलं आणि डोंगर लागले. आपल्या सड्यासारखेच काळे-तांबूस, पण सड्यावर पावसात तरी गवत येतं, इथे एक काडी नाही. डोंगराची नुसती हाडं. रस्ता मात्र असा की तनूच्या बाटलीतलं दूधसुद्धा हललं नाही.

गाडीत वहिनींनी एक गोष्ट सांगितली. त्या वर्गात एक जुनी इंग्लिश कादंबरी शिकवतात, राणीच्या काळातली, तिकडच्या खेड्यातली. एका माणसावर खोटा आळ येतो, त्याला सगळे टाकतात, मग तो दुसऱ्या गावात जाऊन एकटाच राहतो. तिथेही लोक त्याला भितात, पोरांना सांगतात की त्याच्या घराकडे जाऊ नका. आणि एक दिवस कुणाचं तरी लहान पोर आपणहून त्याच्या घरात शिरतं, आणि तो माणूस परत माणसात येतो. सांगताना वहिनींनी डोळे पुसले. साहेब गाडी चालवता चालवता हसले, म्हणाले, ही दर वर्षी हेच शिकवते आणि दर वर्षी रडते.

मी घाबरत घाबरत विचारलं, की त्या पोराच्या आईचं काय?

"आई मेलेली असते गं," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर ते पोर त्याच्याकडे जातं ना."

मी तनूला मांडीवर जरा घट्ट धरलं. गोष्टीत आयांना फार लवकर मारतात असं मला वाटलं, पण बोलले नाही.

निझवाला शुक्रवारी बकऱ्यांचा बाजार असतो. मध्ये एक गोल ओटा, त्यावर आणि बाहेरच्या कडेने गिऱ्हाइकं बसलेली, आणि मधल्या वाटेने विकणारे बकऱ्या धरून गोल गोल फिरतात. ज्याला आवडेल तो फिरणाऱ्याला थांबवतो, बकरीचे दात बघतो, पाठ दाबतो. बायकासुद्धा घेत होत्या, नाकावर ताठ बुरखा लावलेल्या. एक आजी तर बकरीवाल्याला अशी झापत होती की भाषा कळत नसूनही मला आपली कोळीण आठवली. तनूला एका करडाचा कान धरायला मिळाला आणि ती तो सोडेना. ते करडू धरलेला माणूस, अंगात पांढरा झगा, डोक्यावर कुम्मा (नक्षीची गोल टोपी), शांत उभा राहिला, त्याचं गिऱ्हाईक पुढे गेलं तरी. इथली माणसं लहान पोरांपुढे अशीच थांबतात, हे मी तेव्हाच बघून ठेवलं होतं. पुढे उपयोगी पडलं.

मग बाजारात हलवा खाल्ला. आंब्याचा मावा आटताना कढईत शेवटी होतो ना, चमच्याला सोडत नाही, तसा, वर केशर आणि गुलाबपाण्याचा वास. बरोबर कहवा (वेलची घातलेली बिनदुधाची कॉफी), बोटभर कपात. किल्ला बघितला. गोल बुरूज, जिना अरुंद, आणि जिन्याच्या वर भोकं. त्यातून खाली खजुराचा उकळता पाक ओतायचे शत्रूवर. आमचे हे म्हणाले, बिचारे, मरता मरता गोड होत असतील. साहेब हसले म्हणून मीपण हसले. किल्ल्याचं झालं.

दुपारी साहेबांनी गाडी डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात नेली. तिथली जुनी मातीची घरं त्यांना बघायची होती. गावाच्या कडेने खजुराच्या बागा, आणि बागांमधून तो फलज. मी गाडीतून उतरले आणि मला एकदम रडायला आलं, कारण ते आपल्यासारखं होतं. आपल्या पोफळीच्या बागेत पाट असतो, आळी असतात, पाण्याला जायला जागा केलेली असते, तसंच सगळं. फक्त पोफळीच्या जागी खजूर. सावली तीच, मातीचा वासही तोच.

चटई टाकली, पुलाव खाल्ला, लसणीची चटणी काढली. जेवण झाल्यावर साहेब आणि हे घरं बघायला वर गेले. तनू पेंगत होती. मी कुठेही जाताना पिशवीत आईची जुनी सुती साडी घेतेच. चटईजवळ ऊन यायला लागलं होतं, म्हणून जरा आत, गार सावलीत दोन खजुरांना झोळी बांधली. ती दुसऱ्याची बाग आहे हे मला कळलं नाही. मध्ये हातभर मातीचा बांध होता, तो मी ओलांडला. जमीन तिथे कोरडी होती, फुटलेली. साडी ताणून झोळी खाली आली, जवळजवळ जमिनीला टेकली. मला वाटलं बरंच आहे, पडली तरी लागणार नाही. तनू झोपली. वहिनी चटईवर आडव्या झाल्या, म्हणाल्या, मी आहे. मी भांडी घेऊन पाटावर गेले.

आपण पाटावर भांडी घासतो, मी तशी घासायला बसले. साबण काढला मात्र, भिंतीवरून एक म्हातारी बाई दोन्ही हात हलवून ओरडायला लागली. मला वाटलं मला मारतेय की काय. तेवढ्यात बागेत काम करणारा एक बांगलादेशी माणूस आला, हातात कोयता. मी अजूनच घाबरले. पण तो हिंदीत नीट बोलला. "भाभी, इधर साबुन नहीं. ये ऊपर का पानी पीने का है. बर्तन का जगह नीचे मसजिद के पीछे." त्याचं नाव शफीक. त्याने जागा दाखवली, मी खाली मान घालून गेले, भांडी घासली, आले.

आणि झोळी रिकामी होती.

वहिनी झोपल्या होत्या. माझ्या ओरडण्याने उठल्या, मग साहेब आणि हे धावत खाली आले, आणि मग सगळे जण तनू तनू करत बागेतून पळायला लागलो. माझी चप्पल गेली. झावळीचे काटे पायात गेले ते रात्री कळलं. गावातले लोकही आले, पांढऱ्या झग्यातले, ते खांबासारखे उभे राहून एकमेकांना विचारत होते. शफीकने मला विचारलं, ही बाग ज्याची, त्या म्हाताऱ्याकडे बघितलं का? तसं म्हटल्याबरोबर गावातल्या एका तरुण माणसाचा चेहरा असा झाला की मी शफीकच्या मागे पळत सुटले.

बागेच्या टोकाला एक खोली होती, मातीची, दार इतकं बुटकं की वाकूनच जायचं. शफीक वाकला, मी वाकले.

तनू होती. एका म्हाताऱ्याच्या मांडीवर बसली होती. तोंडभर खजूर, हातभर खजूर, त्याची पांढरी दाढीसुद्धा खजुराने चिकट झालेली, आणि त्याची टोपी तिच्या डोक्यावर, पार नाकापर्यंत. तो अजिबात हलत नव्हता. अंगावर पाखरू बसल्यावर माणूस हलत नाही ना, तसा. मी तिला उचललं तर ती माझ्याकडे येईना. दाढी धरून ठेवलेली, ती सोडवायला लागली.

मागून सगळे आले. खोलीत जागा नाही, म्हणून दाराशी गर्दी. वहिनी म्हणाल्या, याने उचलून आणलंय हिला, झोळीतून उचलून, आतापर्यंत आणखी कुठे नेलं असतं. साहेबांच्या हातात फोन होताच, पोलिसांना लावायचा का म्हणून ते ह्यांच्याकडे बघत होते. आणि गावातला तो तरुण माणूस पुढे होऊन काहीतरी बोलला, बोट म्हाताऱ्याकडे. शफीकने खाली बघत सांगितलं. हा म्हातारा चांगला नाही म्हणतोय. हा चोर आहे.

काय चोरलं, मी विचारलं.

पाणी, शफीक म्हणाला.

मग तुकड्या तुकड्याने कळलं. या गावात पाणी वाटून घेतात. प्रत्येक बागेचा नंबर ठरलेला, नंबर आला की फलजमधला दगड काढायचा, वेळ संपली की लावायचा. त्यावर एक माणूस असतो, अरीफ (पाण्याच्या वेळा सांभाळणारा). फार वर्षांपूर्वी, पाणी आटलं होतं त्या साली, या सालिमचाचाच्या बागेत नंबर नसताना पाणी सापडलं. त्याने मी काढलं नाही म्हणून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. त्याचं पाणी तोडलं नाही, नंबर त्याला मिळतो, पण त्या दिवसापासून त्याच्या घरी कुणी कहवा प्यायला नाही. बोट दाखवणारा तो तरुण त्याच्या सख्ख्या भावाचा मुलगा, शेजारच्या बागेचा मालक.

मी शफीकला म्हटलं, त्यालाच विचार, माझी पोर इथे कशी आली.

म्हातारा इतक्या हळू बोलला की शफीकला त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागला. आज त्याचा पाण्याचा नंबर होता. तो दगड काढायला आला तर झाडाला काहीतरी टांगलेलं, खाली टेकलेलं. आत बघतो तर पोर. कोरड्या जमिनीत पाणी सोडलं की भेगांमधून विंचू वर येतात, पाणी टाळायला वर जे दिसेल त्यावर चढतात. म्हणून त्याने तिला काढलं. ती जागी झाली आणि रडली, म्हणून खजूर दिला. मग तिने दाढी धरली.

हाक का नाही मारलीस, साहेबांनी दरडावून विचारलं.

शफीकने विचारलं. म्हाताऱ्याने सांगितलं, आणि शफीकने ते आमच्याकडे न बघताच हिंदीत केलं. "बोलता है, बहुत साल से किसी को आवाज नहीं दिया. आवाज देने का आदत चला गया."

वहिनी म्हणाल्या, सगळ्या गोष्टी तयार असतात यांच्याकडे.

मी बाहेर आले. मला बघायचं होतं. तनूला कडेवर घेऊन झोळीपाशी गेले. फलजच्या कडेला तिथे खाच होती आणि खाचेत चिंध्या गुंडाळलेला दगड, जागच्या जागी, घट्ट. पाणी त्याला न विचारता पुढे चाललेलं. बागेत आळं न् आळं सुकं, पलीकडे वाफ्यात गुरांचा घास पिवळा पडलेला. म्हणजे याचा नंबर चालू होता आणि याने दगड काढलाच नव्हता. पाणी वाहून जात होतं आणि हा माझी पोर मांडीवर घेऊन बसला होता, ती उठेल, रडेल म्हणून.

तुम्ही बागायतवाली माणसं आहात, तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे शिपण्याच्या दिवशी माणूस मयताला जायचा तोसुद्धा आधी पाणी लावून जातो. माझे आजोबा पाण्याच्या वेळेवरून सख्ख्या भावाशी आयुष्यभर बोलले नाहीत. पळवायला आलेला माणूस आपलं पाणी वाहू देईल का? पळवणारा बसेल का दार उघडं टाकून?

मी परत खोलीत गेले. म्हाताऱ्याने तोवर थर्मासमधून कहवा ओतला होता. कप पुढे धरला होता, आणि कुणीच घेत नव्हतं. साहेबांनी हाताने नको केलं. गावातले तर दाराच्या आतच आले नव्हते. वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, घेऊ नकोस हं, काय घातलं असेल.

मी घेतला. प्याले. दुसरा दिला, तोही प्याले. कडू होता. दाराशी कुणीतरी श्वास ओढल्याचा आवाज आला.

साहेब बाहेर ह्यांना सांगत होते, की तक्रार मुलीच्या बापाच्या नावाने द्यावी लागेल, तू हो म्हण, बाकी मी बघतो. आज सोडलं तर उद्या आणखी कुणाचं पोर जाईल. आमचे हे जमिनीकडे बघत होते. मला त्यांचा राग आला नाही. साहेबांना नाही म्हटलं तर काय काय जाऊ शकतं ते आम्हाला दोघांनाही पाठ होतं. कदाचित मी आणि तनू परत वाडीत, हे इथे सहा जणांच्या खोलीत.

"तक्रार नाही द्यायची," मी म्हणाले.

वहिनी म्हणाल्या, अगं तू घाबरलीयस, तुला आत्ता काही सुचत नाहीये, मोठ्यांना ठरवू दे. आणि त्या थांबल्या, तशाच, नेहमीसारख्या.

घाबरले तर होतेच. पण बोलणं आत राहीना.

"वहिनी, सकाळी गाडीत ज्याच्यासाठी डोळे पुसलेत तो कोण होता? त्या गोष्टीतली आई मेलेली होती म्हणून तिला कुणी काही विचारलं नाही. मी जिवंत आहे. पोर माझी आहे. मला विचारा."

वहिनींचा चेहरा लाल झाला, रागाने की कशाने मला नाही माहीत. साहेब मात्र म्हणाले, बस झालं, यल्ला (चला), गाडीत बसा.

तेवढ्यात अरीफ आला. वयस्कर, हातात काठी, मनगटावर मोठं घड्याळ. सावलीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि काहीतरी म्हणाला. तो पुतण्या लगेच आपल्या बागेकडे निघाला. शफीक म्हणाला, चाचा का टाइम खलास. पाणी आता पुतण्याचं. चाचाला परत पुढच्या आठवड्यात. त्याने वरच्या झाडांकडे बघितलं. ऊन वाढायला लागलंय, फळ धरलंय, तो म्हणाला, आठवडाभर तहानलं तर गळेल.

म्हातारा उठून दाराशी उभा राहिला होता. हरकत नाही असा हात केला त्याने, छातीवर ठेवून. त्याला सवय होती.

मी तनूला ह्यांच्याकडे दिलं, सलवार गुडघ्यापर्यंत ओढली आणि फलजमध्ये उतरले. पाणी गार होतं. चिंध्यांचा दगड दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. निघेना. परत ओढला. निघाला, आणि पाणी वळलं. त्या फुटक्या जमिनीवर पाणी शिरताना जो आवाज होतो ना, सुस्कारा टाकल्यासारखा, तो आला.

आणि मग जो गोंधळ झाला. पुतण्या ओरडत आला. गावातले सगळे एकदम बोलायला लागले. साहेब म्हणाले, अरे ही वेडी झालीय का, आत टाकतील आपल्याला. तेव्हा मला कळलं मी काय केलंय. ज्या गोष्टीसाठी त्या म्हाताऱ्याला टाकला, तीच मी सगळ्यांसमोर केली, त्याच्याच बागेत. त्याच्या माथी परत तेच येणार. पण दगड मी सोडला नाही. धरून उभी राहिले.

अरीफने काठी आपटली, सगळे गप्प झाले. त्याने शफीकला विचारलं, हिला कुणी सांगितलं?

मी म्हटलं, सांग त्यांना, कुणी नाही सांगितलं. चोरी असेल तर माझी आहे. माझ्या पोरीने चाचांचा वेळ खाल्ला, तो मी परत करतेय.

शफीक सांगत होता तोवर मागे पाण्यात कुणीतरी उतरल्याचा आवाज झाला. आमचे हे. पँट वर न करताच उतरले होते, आणि तनू? बघते तर तनू म्हाताऱ्याच्या कडेवर. ह्यांनी तिला साहेबांकडे नाही दिलं, वहिनींकडे नाही दिलं. माझ्या हातातला दगड घेतला आणि मला म्हणाले, "जड आहे तो, सोड. मी धरतो."

लग्नाला चार वर्षं झाली, असं काही ते कधी बोलले नव्हते.

अरीफ त्या दगडाकडे बघत राहिला, मग म्हाताऱ्याच्या कडेवरच्या तनूकडे. तिने परत दाढी धरली होती. मग तो पुतण्याला काहीतरी म्हणाला, फार नाही, एकच वाक्य, आणि फलजच्या काठावर खाली बसला, घड्याळ समोर धरून.

शफीक हसत होता. त्याचे पुढचे दात नव्हते ते मला तेव्हा दिसलं. "अरीफ बोलता है, जितना टाइम बच्ची उसका गोद में था, उतना पानी उसका."

पुतण्या रागानेच उभा होता. मग तो म्हाताऱ्याच्या बागेत गेला. मला वाटलं भांडायला. तर तिथे एका आळ्याचा बांध फुटून पाणी भलतीकडे चाललं होतं, तो त्याने पायाने दाबून बंद केला. काकाकडे बघितलंही नाही. पण बांध दाबला.

आम्ही गाडीत बसलो. साहेबांनी गाडी वळवली. गावाच्या बाहेर पडायच्या वळणावर मागून आवाज आला, फाटका, घोगरा, गंजलेल्या दाराचा येतो तसा. मी काच खाली केली. खोलीच्या बाहेर तो उभा होता, टोपी नव्हती डोक्यावर, ती तनूकडेच राहिली होती. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले होते आणि तो हाक मारत होता. "तनू! तनू!" आम्ही दुपारभर तेच नाव ओरडत होतो, त्याने ते शिकून घेतलं होतं.

बौशर येईपर्यंत तनूने ती टोपी डोक्यावरून काढू दिली नाही.

आता याला काही महिने झाले. ह्यांची नोकरी आहे, साहेब कामापुरतं बोलतात. वहिनींनी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. इथल्या बायका म्हणतात, पोर जाता जाता राहिली आणि ही त्या माणसाचा कहवा पिऊन आली. सासूबाई फोनवर म्हणाल्या, पोर सोडून भांडी घासायला गेलीच कशी. वाडीत तर म्हणे असं पसरलंय, की मला ओमानमध्ये पाणी चोरताना पकडलं. ते तेवढं खरं आहे.

बकरी ईदच्या सुट्टीत आम्ही दोघं तनूला घेऊन परत गेलो, निझवापर्यंत बसने आणि पुढे टॅक्सीने. टोपी परत करायची होती. त्याच्या खोलीत आम्ही कहवा प्यायलो, आणि कोपऱ्यात आणखी दोन उष्टे कप होते. कुणाचे ते मी विचारलं नाही.

एकच गोष्ट शफीकला विचारली, की खरं सांग, तेव्हा चाचाने पाणी चोरलं होतं का? तो म्हणाला, मला माहीत नाही, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. मलाही माहीत नाही. गोष्टीत तो माणूस निर्दोष असतो, वहिनींनी सांगितलं होतं, म्हणून त्याच्यासाठी रडता येतं. हा असेल, नसेल. चोरलं असेल तरी सुकलेल्या झाडांसाठी एक रात्र पाणी, त्याची शिक्षा किती वर्षं?

मी अजून भित्रीच आहे. लिफ्टमध्ये अजून डोळे मिटते. पण मी चुकले असं मला कुणी म्हणायचं नाही. आणि म्हणायचंच असेल तर आधी एवढं सांगा, तुमची पोर त्याच्या मांडीवर असती, तिच्या तोंडाला त्याचा खजूर लागलेला असता, पाटाचं पाणी तुमच्या डोळ्यांसमोर त्याच्या सुक्या झाडांवरून पुढे चाललं असतं आणि तुमच्या नवऱ्याचा साहेब गाडीत बसा म्हणत असता, तर तुम्ही काय केलं असतं?